येवल्याची संक्रांत, पाच सेंटिमीटर खोल पेटीत

संक्रांतीला अजून अवकाश आहे, पण संक्रांतीसाठी काही करून विकायचं असेल तर विषय आत्ताच काढायला हवा. आज आपण कागदाच्या देखाव्याची पेटी कशी करायची ते बघू. शहरातल्या दुकानांत तिला शॅडो बॉक्स म्हणतात. रेडिओवर कात्री दाखवता येत नाही, म्हणून मापं सावकाश सांगते. वही-पेन जवळ ठेवा.

नाव इंग्रजी असलं तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. दिवाळीत पोरं किल्ला करतात तेव्हा मागे उंच डोंगर, मधे तटबंदी आणि पुढे मावळे मांडतात. गणपतीपुढचा देखावाही असाच पुढे-मागे रचलेला असतो. ही पेटी म्हणजे तोच देखावा, फक्त कागदाचा, आणि भिंतीवर टांगता येईल एवढा. परदेशात नाताळासाठी अशा पेटीत बर्फातलं गाव करतात. आपल्याला बर्फाची काय गरज? नाशिक जिल्ह्यात येवला आहे.

येवला म्हटलं की पैठणी आठवते. पण जानेवारीत भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. पोरंटोरं, बाया, म्हातारी माणसं सगळी पतंगाच्या मागे. हलकडी वाजत असते. इतर गावांत हातात चक्री दिसते, इथे आसारी दिसते. लाकडी-बांबूची, दोऱ्याने भरलेली, दोन्ही हातांनी फिरवायची. मागे मनमाडच्या बाजूला अणकाई-टणकाईचे डोंगर आणि हडबीची शेंडी. जुने वाडे, पतंग, डोंगर आणि आसारी धरलेली बाई, एवढं घेतलं की पेटीचं चित्र तयार. हे चित्र आपल्याच जिल्ह्याचं आहे, त्यामुळे ते ठोक बाजारातून शेकड्याने येत नाही. गटाच्या मालाला याचा फायदा होतो.

आधी खोकं. त्याला बाजारात जायची गरज नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बायांना द्राक्षाची खोकी काय असतात ते सांगायला नको. त्यातला जाड, पाच पदरी पुठ्ठा घ्या. मात्र द्राक्षाचा हंगाम जोर धरतो संक्रांतीनंतर, आणि आपलं काम संपतं संक्रांतीआधी. म्हणून मागच्या हंगामातली कोरडी, न दबलेली खोकी पावसाळ्याआधीच उंचावर ठेवून द्यायची. ओल लागलेला पुठ्ठा कितीही वाळवला तरी परत ताठ होत नाही.

पेटीचं माप असं. आतून लांबी २०.३ सेंटिमीटर, उंची १४.८ आणि खोली ५ सेंटिमीटर. हे विचित्र माप कुठून आलं? ए-फोर आकाराच्या कार्डशीटचे मधोमध दोन तुकडे केले की जेमतेम २१ बाय १४.८ चा एक तुकडा मिळतो. कडा साफ करून तो २० बाय १४.५ चा करायचा. म्हणजे एका शीटमध्ये दोन थर निघतात आणि कचरा जवळजवळ उरत नाही. थर खोक्यात घासत बसू नये म्हणून दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवलेत. हौसेने मोठं माप घेतलंत तर एका शीटला एकच थर निघेल आणि कार्डाचा खर्च दुप्पट होईल.

चार बाजूंसाठी ५ सेंटिमीटर रुंद आणि ३७ सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीत एक लांब बाजू, एक आखूड बाजू आणि चिकटवायला थोडी जीभ येते. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळ्या पट्टीच्या रुंदीत आडव्या याव्यात, लांबीत धावू नयेत. पन्हाळीच्या रेषेत घडी सरळ बसते, उलट्या दिशेने घातली तर पुठ्ठा कुठेही मोडतो. घडीच्या जागी बाहेरून अर्धाच काप द्या. मग मागे सपाट पुठ्ठा चिकटवा आणि खोकं एक रात्र वजनाखाली ठेवा.

आता नक्षीचा कागद. बहुतेकींना हाच भाग आवडतो आणि चुकाही इथेच होतात. दुकानात भेटवस्तूला गुंडाळायचा कागद सुंदर दिसतो, त्यावर तळहाताएवढं फूल असतं. तो कागद वाड्याला लावला की खिडकी लहान आणि फूल मोठं, आणि वाडा पार बाहुलीघर होऊन जातो. पेटीतल्या कागदाची नक्षी हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठी नको. जुन्या लग्नपत्रिका चांगल्या चालतात. त्यांचा कागद जाड असतो, कडेला बारीक सोनेरी वेल असते. पत्रिकेवरच्या गणपतीला मात्र कात्री लावू नका. तो भाग बाजूला काढून ठेवा. विकत घेणारीच्या लक्षात आलं तर तिला ते रुचत नाही, आणि खरं म्हणजे आपल्यालाही रुचत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे नक्षी स्वतः छापायची. भेंडी आडवी कापून रंगात टेकवली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. कांदा आडवा कापून कागदावर दाबला की एकात एक गोल उमटतात. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याची काय वाण! कांदा कापल्यावर अर्धा तास उघडा ठेवा, पाणी सुकू द्या, नाहीतर रंग पसरतो. बटाट्यावर चाकूने ओळीने त्रिकोण कोरले तर पैठणीच्या नारळी काठासारखी किनार छापता येते. मुनिया, मोर, असावलीची वेल हे कोरायला अवघड आहे. त्यांचा जाड कार्डाचा साचा करा आणि सुक्या स्पंजने रंग टिपा. पोस्टर कलर जवळजवळ कोरडाच घ्यायचा, पाणी नावाला. अशा पेटीवर ‘पैठणीच्या नक्षीची’ असं लिहायला हरकत नाही. नुसतं ‘पैठणी’ लिहू नये. ते नाव विणकरांच्या कापडाचं आहे आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे.

हाताने केलेला कागद वापरायचा असेल तर पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. वेरूळजवळच्या कागजीपुऱ्यालाही कागद करण्याची शेकडो वर्षांची परंपरा आहे. पण हा कागद महाग असतो. मागच्या आभाळाला एक तुकडा पुरतो, सगळीकडे वापरू नका.

पतंगांसाठी खरा पतंगी कागदच घ्या, दुसरा कुठलाही कागद पतंगासारखा दिसत नाही. त्याची खोड अशी की पाण्याचा थेंब लागला की रंग सुटतो. म्हणून बोट ओलं करून आधी एक कोपरा तपासा. रंग लागला तर त्या कागदाला ओली खळ लावायची नाही, फेव्हिकॉल काडीच्या टोकावर घेऊन चार कोपऱ्यांनाच लावायचा. आणि खळ पेटीच्या आत कुठेच नको. गव्हाच्या पिठावर कसर येते, आणि बंद पेटीतली कसर बाहेर काढता येत नाही.

आता थर. मागून पुढे पाच थर आहेत. सगळ्यात मागे आभाळ, अगदी फिकट आणि जवळजवळ बिननक्षीचं. दुसरा थर डोंगरांचा, फिकट राखाडी-निळा. तिसरा पतंगांचा, चौथा वाड्यांचा. पाचव्या थरात गच्चीचा कठडा, कठड्यावर सुगडं आणि आसारी धरलेली बाई. प्रत्येक थराला सगळीकडून एक सेंटिमीटरची चौकट राखून आतलं कापायचं, म्हणजे थर ताठ राहतो.

जानेवारीत सकाळी धुकं असताना द्राक्षबागेकडे बघा. जवळची ओळ गडद, तिच्यामागची थोडी फिकी, शेवटची नुसती सावलीसारखी. डोळ्याला अंतर कळतं ते यावरून. म्हणून मागचे कागद फिके आणि शांत ठेवायचे, नक्षी आणि गडद रंग पुढे आणायचा. आपल्याला सवय असते मागे भरजरी पडदा लावायची. तसं केलंत तर मागचं पुढे येतं, पुढचं हरवतं आणि सगळी पेटी सपाट दिसते.

दोन थरांमधल्या मोकळ्या जागेला मी सगळ्यात जास्त मोल देते. तीच नसेल तर पेटी कशाला, चित्रच काढावं. कुडाळजवळच्या पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या लोककलेसाठी पद्मश्री मिळाली. सावलीच्या खेळात बाहुली पडद्याला चिकटली की सावली रेखीव पडते आणि लांब गेली की मऊ होते. आपल्या पेटीतही खिडकीतला उजेड बाजूने आला की वाड्याची सावली मागच्या थरावर पडते, बाईची सावली वाड्यावर पडते. जागा सोडली तरच हे घडतं. शिवाय बघणारी जरा बाजूला सरकली की पुढचे थर जास्त हलल्यासारखे दिसतात, मागचे कमी. म्हणून सगळी अंतरं सारखी ठेवू नका. आभाळ आणि डोंगर यांच्यात ५ मिलिमीटर, डोंगर आणि पतंगांत १०, पतंग आणि वाड्यांत १०, वाडे आणि कठड्यात १५. एकूण ४ सेंटिमीटर झाले. उरलेला एक सेंटिमीटर बाईच्या पुढे मोकळा राहू द्या, तिचा हात काचेला चिकटायला नको.

हे अंतर ठेवायला त्याच खोक्याच्या पुठ्ठ्याच्या ८ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. पाच पदरी पुठ्ठा साधारण ५ मिलिमीटर जाड भरतो, तरी आपल्या हातातला मोजून घ्या. एक पट्टी म्हणजे ५, दोन एकावर एक म्हणजे १०, तीन म्हणजे १५. चौकट एक सेंटिमीटरची असल्याने पट्ट्या तिच्यामागे लपतात.

कापताना आधी आतल्या खिडक्या-दारं कापा, बाहेरची रेषा शेवटी. उलट केलंत तर हातात सुटा तुकडा राहतो आणि खिडकी कापताना फाटतो. चार कार्डं एकत्र करून कडेला स्टेपल मारली तर चार वाडे एकदम निघतात. कटरचं पातं बोथट झालं की टोक मोडून नवं घ्या. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि तेव्हाच बोट कापतं. मोडलेली टोकं जुन्या औषधाच्या बाटलीत टाका, केरात नाही. केर काढणारी आपल्यातलीच असते.

पतंग अडीच सेंटिमीटरचे करा, पाच-सहा पुरेत. ते हवेत दिसायला हवेत. त्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात वहीला स्पायरल घालताना वरून लावतात ती पारदर्शक शीट आणा. तिची तीन मिलिमीटरची पट्टी चौकटीच्या वरच्या काठाला मागून चिकटवा आणि तिच्या टोकाला पतंग. तीच शीट पेटीला पुढून काचेसारखी लावायची. काच जड, फुटते, आणि एसटीतून नेताना जीव टांगणीला लागतो.

बाई पाठमोरी ठेवा, तोंड पतंगाकडे. चेहरा काढायचा त्रास वाचतो आणि बघणारीला वाटतं आपणच गच्चीवर उभ्या आहोत. साडी काळ्या कार्डाची, संक्रांतीची. तिला छापलेला काठ, अंबाड्यावर पांढऱ्या कागदाचा गजरा. आसारी उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्यांची करा, तीन-चार काड्यांचा सांगाडा आणि त्यावर शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळा. मग त्या आसारीतून एकच दोरा काढून वाड्यांवरून मागे न्या आणि एका पतंगाला बांधा. हा दोरा किंचित सैल ठेवा, ताणलात तर महिनाभरात पतंग वाकडा होतो. पेटी बंद करण्याआधीचं हे शेवटचं काम. मी कितीतरी जणींना बघितलंय, त्या पेटी हातात घेतात आणि आधी त्या दोऱ्यावरून नजर नेतात. दोरा सुतीच घ्या. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. कागदाच्या पतंगालाही तो कशाला लावायचा?

आत दिव्यांची माळ लावावी का, असं विचारतात. लावता येते, सेलवरची. पण सेल संपला की गिऱ्हाईक आपल्याला शोधत येतं. मी लावत नाही.

आता पैशाचं बोलू. याला वेळ देणार आहे, कारण पेटी सगळ्यांना आवडते आणि हिशेबात गट बुडतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात बागांमध्ये भरपूर काम असतं. बाई पेटीला बसली तर तिचा रोज बुडतो. तेव्हा पेटीच्या एका तासाचा दर बागेतल्या मजुरीवरून धरा. समजा तुमच्या गावात आठ तासांचे ४०० मिळतात, तर तासाला ५० झाले. गटाने कामं वाटून घेतली, म्हणजे एकीने कापणं, एकीने छापणं, एकीने चिकटवणं, तर एका पेटीला साधारण अडीच तास जातात. मजुरी १२५. सामान समजा ६५. पॅकिंग १५, प्रवास आणि स्टॉलचा वाटा २०. बेरीज २२५. दहातली एक पेटी बिघडते किंवा दबते, त्याचे २२ धरा. २४७ झाले. स्टॉलवर ३०० ला विकली तर गटाच्या खात्यात ५३ रुपये पडतात.

हीच पेटी नाशिकच्या एखाद्या दुकानात ठेवली आणि दुकानदाराने शंभरामागे ३० मागितले, तर ३०० मधले ९० गेले. उरले २१०. म्हणजे प्रत्येक पेटीमागे ३७ रुपये तोटा. हा तोटा कोण भरतं? सामानाचे पैसे रोख दिलेले असतात, एसटीचं तिकीट फाडलेलं असतं. ३७ रुपये निघतात ते मजुरीतून. वहीत तोटा दिसतच नाही, कारण मजुरी कुणी लिहिलेलीच नसते. ‘बसल्या बसल्या केलंय हो’ असं आपणच सांगतो. मान वाकवून अडीच तास बारीक खिडक्या कापलेल्या असतात, ते बसल्या बसल्या नसतं.

दुकानात द्यायची असेल तर किंमत ३८० लावा. दुकानदाराचे ११४ गेले तरी २६६ हाती येतात. आणि स्टॉलवरही तीच ३८० ठेवा. दोन ठिकाणी दोन किमती दिसल्या की दुकानदार पुढच्या वर्षी दारात उभं करत नाही.

३८० ला कागद कोण घेणार? थोडेच घेतात, हे मान्य. म्हणून मोठ्या पेट्या दहा-बाराच करा आणि खरा जोर काडेपेटीवर द्या. काडेपेटीचं आतलं खोकं, त्यात मागे छापील आभाळ, मधे एक पतंग, पुढे वाड्याची एक रांग. थर दोनच. मागे दोऱ्याची अडकवण. सराव झाला की पंधरा मिनिटांत एक होते. सामान ६ रुपये, मजुरी साडेबारा, इतर ३, म्हणजे साडेएकवीस. ३५ ला वाण म्हणून जाते. शहरात हळदीकुंकू करणारी एकदम पंचवीस-पन्नास एकसारखी वाणं शोधत असते, आणि तिला प्लास्टिकचा डबा देऊन कंटाळा आलेला असतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, त्यामुळे उरलेला माल संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वाया जात नाही. मोठी पेटी टेबलावर मधे मांडायची, तिच्यामुळे लोक थांबतात. विकली जाते काडेपेटी.

मजुरी वाटताना नग मोजू नका, वेळ मोजा. छापणाऱ्या बाईचे तासाला पन्नास नग होतात, कापणारीचे चार. नगावर पैसे दिले तर कापायला कुणी बसणार नाही. गटात ज्यांना बागेत जाणं होत नाही, गुडघे धरलेल्या मावश्या, बाळंतीण घरी असलेल्या सुना, त्यांना हे काम आधी विचारा. फक्त कापायचं काम उजेडात, दुपारी. रात्री बल्बखाली नको, डोळे जातात.

नेताना पेट्या आडव्या एकावर एक ठेवू नका, उभ्या ठेवा, मधे वर्तमानपत्राची घडी. द्राक्षाच्या एका पूर्ण खोक्यात उभ्या किती मावतात ते माल भरायच्या आदल्या दिवशीच लावून बघा. नमुन्याची एक पेटी आणि पाच काडेपेट्या मार्गशीर्ष लागायच्या आत तयार हव्यात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरोघरी बायका जमतात, हळदीकुंकवाची बोलणी तिथेच सुरू होतात. तिथे जाताना नमुना पिशवीत असू द्या, त्याच्या मागे किंमत लिहिलेली असू द्या, आणि ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या.